ओबासांजो यांनी सत्ता खरोखर आपणहून सोडली होती का?

प्रश्न थोडक्यात असा: नायजेरियाचे ओलुसेगुन ओबासांजो आधी लष्करशहा होते. 1979 मध्ये त्यांनी सत्ता आपणहून नागरी सरकारकडे सोपवली, वीस वर्षांनी निवडून येऊन ते राष्ट्राध्यक्ष झाले आणि शेवटी तिसऱ्या कारकिर्दीसाठी राज्यघटना बदलू पाहत होते. आफ्रिकेत सत्ता सोडणारे ते पहिले लष्करशहा, असेही म्हणतात. मग हा माणूस लोकशाहीचा की खुर्चीचा?

मी बावीस वर्षे लष्कराच्या अभियांत्रिकी दलात होतो. निवृत्तीनंतर 1998 ते 2007 लागोसमध्ये रस्ते आणि पुलांच्या कामावर होतो. ओबासांजो यांची नागरी कारकीर्द जवळजवळ पूर्ण तिथेच पाहिली आणि परत आल्यापासून लष्कर व राज्यसत्ता हाच विषय शिकवतो आहे. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आधी एक दुरुस्ती. ते आफ्रिकेतले पहिले नव्हेत. शेजारच्या घानात लष्कराने 1969 मध्येच निवडून आलेल्या बुसियांकडे कारभार दिला होता. 1979 मध्येही घानाच्या जेरी रॉलिंग्ज यांनी 24 सप्टेंबरला, म्हणजे ओबासांजोंच्या आठवडाभर आधी, सत्ता सोडली. 1981 च्या अखेरीस रॉलिंग्ज पुन्हा बंड करून आले आणि 1992 मध्ये निवडून येऊन राष्ट्राध्यक्ष झाले, ही गोष्ट वेगळी. नायजेरियापुरते मात्र ओबासांजो पहिले खरे.

त्यांचा जन्म 1937 च्या आसपासचा. नेमकी तारीख घरात कुणी लिहून ठेवली नव्हती, 5 मार्च ही कागदोपत्री धरलेली. अबेओकुटाजवळच्या खेड्यात शेतकऱ्याच्या घरी नऊ मुले झाली, त्यातली हे आणि एक बहीण एवढीच जगली. बॅप्टिस्ट मिशनच्या शाळेत शिकले, पुढे शिकायला पैसे नव्हते, म्हणून 1958 मध्ये सैन्यात गेले. इंग्लंडमध्ये प्रशिक्षण झाले. 1960 नंतर संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेबरोबर काँगोत असताना बंडखोर सैनिकांनी त्यांना पकडले होते, गोळी घालायच्या बेतात होते, थोडक्यात वाचले. तिथून परतल्यावर अभियांत्रिकी शाखा घेतली. म्हणजे आमच्या भाषेत सॅपर झाले.

आणि इथे पुण्याचा संबंध येतो. 1965 मध्ये ते भारतात आले, आधी निलगिरीतल्या वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजला आणि मग पुण्याला लष्करी अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी. मी दापोडीला शिकलो तो याच्या बऱ्याच नंतर, पण त्या शिक्षणाची पठडी मला ठाऊक आहे. सॅपरला पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट घोटून शिकवतात: पूल अमुक वाजता वाहतुकीला खुला झाला पाहिजे. रणगाडे पलीकडे जायला उभे असतात, तुमचा पूल चार तास उशिरा चांगला होऊन काही उपयोग नसतो. काम, माणसे, सामान, वेळ, सगळे कोष्टकात बसवायचे. ओबासांजोंची 1976 ते 1979 ही तीन वर्षे वाचताना मला ते कोष्टक दिसते. भारतातल्या त्या मुक्कामात त्यांनी इथली उपासमारही पाहिली आणि हादरले. इथल्या संस्कृतीमुळे वेगवेगळ्या धर्मांचा अभ्यास करण्याची गोडी लागली, ती पुढेही टिकली.

जानेवारी 1966 मध्ये ते मायदेशी परतले आणि उत्तरेतल्या कडुना शहरात आपला जिवलग मित्र मेजर न्झेओग्वू याच्या घरी उतरले. दोन-तीन दिवसांत, 15 जानेवारीला, त्याच न्झेओग्वूने बंड केले. पंतप्रधान तफावा बलेवा मारले गेले, उत्तरेचे मुख्यमंत्री अहमदू बेल्लो मारले गेले. पाहुण्याला यजमानाने काही सांगितले नव्हते. जुलैत प्रतिबंड झाले, 1967 मध्ये इग्बो लोकांच्या पूर्व भागाने बियाफ्रा म्हणून वेगळे होण्याची घोषणा केली आणि अडीच वर्षांचे यादवी युद्ध पेटले.

युद्धाबद्दल फार लिहीत नाही. मे 1969 पर्यंत ओबासांजो बहुतेक काळ पिछाडीला इबादानमध्ये होते. मग खचलेली तिसरी मरीन कमांडो डिव्हिजन त्यांच्याकडे आली आणि आठ महिन्यांत युद्ध संपले. शेवटचा घाव उली इथल्या धावपट्टीवर पडला. ही धावपट्टी म्हणजे मुळात रुंद केलेला हमरस्ता. रात्री दिवे विझवून त्यावर विमाने उतरत आणि अन्न, औषधे, शस्त्रे, जे काही बियाफ्राला मिळत होते ते तिथूनच. ती हातची गेली आणि सगळे संपले. 15 जानेवारी 1970 ला लागोसमध्ये शरणागतीवर औपचारिक सह्या झाल्या. लाखो माणसे उपासमारीने गेली होती, त्यात मुलेच जास्त. विजयी सेनापती म्हणून ओबासांजोंचे नाव झाले ते या युद्धात. ज्या इग्बो लोकांची मुले उपाशी मेली त्यांच्याबरोबर मी नऊ वर्षे काम केले आहे, त्यामुळे हे नाव मला कधी मोकळ्या मनाने घेता आलेले नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो.

लागोसच्या राष्ट्रीय संग्रहालयात एक काळी मर्सिडीज ठेवलेली आहे. काचांना आणि पत्र्याला गोळ्यांची भोके आहेत. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा बराच वेळ तिथे उभा होतो. 13 फेब्रुवारी 1976 च्या सकाळी देशाचे प्रमुख जनरल मुर्तला मुहम्मद या गाडीतून कार्यालयाकडे निघाले होते. पुढेमागे मोठा ताफा नाही. लागोसमध्ये वाहतूक तुंबते त्याला ‘गो-स्लो’ म्हणतात. त्या गो-स्लोमध्ये गाडी अडकली आणि लेफ्टनंट कर्नल डिम्का याच्या माणसांनी तिची चाळण केली. ओबासांजो तेव्हा दुसऱ्या क्रमांकाचे होते आणि यादीत त्यांचेही नाव होते. मारेकऱ्यांनी चुकून दुसऱ्याच अधिकाऱ्याच्या गाडीवर गोळ्या झाडल्या, म्हणून ते वाचले. बंड काही तासांत मोडले. दुसऱ्या दिवशी सर्वोच्च लष्करी परिषदेने प्रमुखपद ओबासांजोंकडे दिले. त्यांना ते नको होते, असे तेव्हाच्या साऱ्यांचे सांगणे आहे आणि माझा त्यावर विश्वास आहे. आदल्या दिवशी तुमच्या वरचा माणूस भर रस्त्यात मारला गेला असेल, तर ती खुर्ची कुणाला हवी असणार?

इथे तीन गोष्टी ध्यानात घ्या. पहिली, सत्ता सोडायची तारीख ओबासांजोंनी ठरवलेलीच नव्हती. मुर्तलांनी 1 ऑक्टोबर 1975 च्या भाषणात पाच टप्प्यांचा कार्यक्रम देशासमोर मांडला होता: नवी राज्ये, राज्यघटनेचा मसुदा, स्थानिक निवडणुका, घटना समिती, सार्वत्रिक निवडणुका, आणि 1 ऑक्टोबर 1979 ला लष्कर बराकीत परत. त्यांच्या आधीच्या जनरल गवन यांनी 1976 ची तारीख दिली होती आणि मग ती पाळता येणार नाही असे सांगितले. जुलै 1975 मध्ये गवन परदेशी परिषदेला गेले असताना त्यांना हटवले गेले, त्यामागे हेही एक कारण होते. म्हणजे तारीख मोडणाऱ्याचे काय होते, हे सगळ्यांनी नुकतेच पाहिले होते.

दुसरी, ओबासांजोंच्या पाठीशी स्वतःची अशी फौज नव्हती. ते नैर्ऋत्येकडच्या योरुबा समाजाचे, ख्रिस्ती, सॅपर. सैन्यात वजन उत्तरेकडच्यांचे. म्हणून दुसऱ्या क्रमांकावर कात्सिनाचे मुस्लिम अधिकारी शेहू यारअदुआ यांना एकदम बढती देऊन बसवले गेले आणि लष्करप्रमुख म्हणून थिओफिलस डंजुमा होते. या दोघांच्या संमतीशिवाय काही हलत नव्हते. तारीख पुढे ढकलायची म्हटले असते तर आधी या दोघांना पटवावे लागले असते. तिसरी गोष्ट, मुर्तला हुतात्मा झाले होते. ज्याच्या रक्ताने तुम्हाला पद मिळाले, त्याचा शब्द मोडून तोंड दाखवणार कुठे?

याचा अर्थ ओबासांजोंचे श्रेय शून्य असा नाही. वेळापत्रक हातात येणे वेगळे आणि ते राबवणे वेगळे, हे बांधकामावरच्या कुणालाही सांगावे लागत नाही. मुर्तलांनी जाहीर केल्याप्रमाणे राज्ये बारांची एकोणीस झाली. इंग्लंडच्या पद्धतीची संसदीय चौकट सोडून अमेरिकेसारखी अध्यक्षीय घटना तयार झाली. सरकारी अधिकाऱ्यांनी बडेजाव सोडावा म्हणून मर्सिडीजऐवजी कडुनात जुळणी होणारी प्यूजो 504 आली. नव्या राजधानीसाठी अबुजाची जागा ठरली होती, तिचे काम सुरू झाले. आणि ठरल्या दिवशी, 1 ऑक्टोबर 1979 ला, शेहू शगारी यांनी शपथ घेतली.

त्या निवडणुकीत एक गणिताचा पेच पडला होता, तो सांगतो, कारण पुढच्या वीस वर्षांचा राग त्यात आहे. विजयी उमेदवाराला सर्वाधिक मते आणि शिवाय ‘किमान दोन तृतीयांश राज्यांत’ एक चतुर्थांश मते हवी होती. राज्ये एकोणीस. त्याचे दोन तृतीयांश म्हणजे बारा पूर्णांक दोन तृतीयांश. शगारींना बारा राज्यांत पुरेशी मते होती, तेराव्या कानो राज्यात कमी पडली. तोवर सगळ्यांनी तेरा धरली होती. निवडणूक आयोग म्हणाला, नाही, कानोच्या दोन तृतीयांश मतांवर हिशेब करा, मग शगारी बसतात. हरलेले ओबाफेमी अवोलोवो सर्वोच्च न्यायालयात गेले. 26 सप्टेंबरला न्यायालयाने आयोगाचे म्हणणे ग्राह्य धरले आणि पाच दिवसांनी शपथविधी उरकला. अवोलोवो योरुबांचे दैवत. ओबासांजो स्वतः योरुबा. आपल्या माणसाने सत्ता उत्तरेच्या हाती दिली, हे योरुबांनी कधी विसरले नाही. 1999 मध्ये ओबासांजो सुमारे 63 टक्के मते घेऊन देशभर जिंकले, पण आपल्या नैर्ऋत्य भागात सपाटून हरले, अगदी स्वतःच्या मतदान केंद्रावरही.

लष्करशहा म्हणून ते मऊ होते असा समज होऊ देऊ नका. 18 फेब्रुवारी 1977 ला शेकडो सैनिकांनी गायक फेला कुटी यांचे लागोसमधले घर जाळले. फेला लष्कराविरुद्ध गाणी म्हणत, हा त्यांचा गुन्हा. त्यांच्या आई फुनमिलायो रॅन्सम-कुटी यांना खिडकीतून खाली फेकले. या बाई कोण? अबेओकुटाच्या बायकांना संघटित करून 1940 च्या दशकात इंग्रजी राजवटीच्या करांविरुद्ध उभ्या राहिलेल्या. ओबासांजोंच्याच गावच्या. वर्षभराने त्या गेल्या. चौकशीत दोष कुणावरच आला नाही, कृत्य ‘अज्ञात सैनिकाचे’ ठरले. ओबासांजो पायउतार होण्याच्या सुमारास फेला आईच्या नावाची शवपेटी घेऊन सरकारी मुख्यालयाच्या, डोडन बराक्सच्या, दारात गेले. 1979 च्या शपथविधीचे फोटो मी विद्यार्थ्यांना दाखवतो, तेव्हा ही शवपेटीही सांगतो.

निवृत्तीनंतर ते ओटा इथे शेती आणि कुक्कुटपालन करू लागले. 1986 मध्ये राष्ट्रकुलाच्या मध्यस्थ गटाचे सहअध्यक्ष म्हणून दक्षिण आफ्रिकेत गेले, तुरुंगात मंडेलांना भेटले. 1991 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसपदासाठी उभे राहिले, पण पद बुत्रोस घालींना मिळाले. घरी मात्र 1983 च्या अखेरीस बुहारींनी शगारींना उलथवले होते आणि त्यानंतर एकामागून एक जनरल येत राहिले. 12 जून 1993 ची निवडणूक रद्द झाली, ती जिंकलेले योरुबा नेते अबिओला तुरुंगात गेले. जनरल सनी अबाचांच्या राजवटीत मार्च 1995 मध्ये ओबासांजोंनाही बंडाच्या कटाचा आळ घालून उचलले. गुप्त लष्करी खटला चालला, शिक्षा पुढे पंधरा वर्षांवर आणली. त्यांचे जुने सहकारी शेहू यारअदुआ डिसेंबर 1997 मध्ये तुरुंगातच मेले.

मी लागोसला पोचलो मार्च 1998 मध्ये. 8 जूनला दुपारी आमच्या साइटवर बातमी आली की अबाचा गेले. लोकांनी फावडी टाकली आणि रस्त्यावर नाचायला लागले. मुकादमाला मी विचारले, खात्री आहे का? तो म्हणाला, नसली तरी आज नाचू द्या. आठवडाभरात ओबासांजो सुटले. अकरा महिन्यांनी, 29 मे 1999 ला, ते राष्ट्राध्यक्ष झाले. या वेळी त्यांना लोकांनी जितके आणले तितकेच निवृत्त जनरलांनी आणले, हे तिथे सगळे उघड बोलत. अबिओलांवर झालेल्या अन्यायाची भरपाई म्हणून अध्यक्ष योरुबाच हवा होता, आणि योरुबांपैकी उत्तरेला भरवसा वाटेल असा हाच एक होता. लोक त्यांना ‘बाबा’ म्हणत. मराठी माणसाला हा शब्द ऐकून आपुलकी वाटते, पण तिथे त्यात धाकही असतो.

पहिल्या काही आठवड्यांतच त्यांनी लष्करी राजवटीत राजकीय पदे भोगलेल्या 93 अधिकाऱ्यांना एका फटक्यात घरी पाठवले. माझ्या मते त्यांच्या दोन्ही कारकिर्दींतले हे सर्वांत मोलाचे काम. बंडाची चटक लागलेली माणसे सैन्यात कुठे बसली आहेत, हे नागरी राष्ट्राध्यक्षाला कळायला वर्षे गेली असती. यांना ती नावानिशी ठाऊक होती. त्यानंतर नायजेरियात यशस्वी बंड झालेले नाही.

मग कर्ज. देशावर पॅरिस क्लबच्या, म्हणजे कर्ज देणाऱ्या श्रीमंत देशांच्या गटाचे, सुमारे 30 अब्ज डॉलरचे कर्ज होते. अर्थमंत्री न्गोझी ओकोन्जो-इविअला यांनी 2005 मध्ये तडजोड घडवली: सुमारे 18 अब्ज माफ, 12 अब्ज तेलाच्या कमाईतून भरून टाकायचे, खाते बंद. भ्रष्टाचाराविरुद्ध 2003 मध्ये नुहू रिबादूंच्या हाताखाली नवा आयोग आला, त्याने बड्याबड्यांना हात घातला, मात्र बाबांच्या विरोधकांना जरा जास्तच. आणि मोबाइल. मी गेलो तेव्हा दहा कोटींवर लोकांच्या देशात चालू फोन सुमारे चार लाख. नाशिकला घरी बोलायचे तर अर्धा रविवार जायचा. ऑगस्ट 2001 मध्ये खाजगी कंपन्यांचे नेटवर्क सुरू झाले आणि वर्षभरात आमच्या साइटवरचा वाळूवाला खिशातून फोन काढून भाव सांगू लागला. विजेचे मात्र काही जमले नाही. मी गेलो तेव्हा जनरेटर होता, परतलो तेव्हाही होता.

नोव्हेंबर 1999 मध्ये बायेल्सा राज्यातल्या ओडी गावाजवळ टोळीने 12 पोलिसांना मारले. ओबासांजोंनी सैन्य पाठवले. सैन्याने टोळी शोधली नाही, गाव जाळले. उभ्या राहिल्या त्या मोजक्या इमारती: बँक, चर्च, आरोग्य केंद्र. 2013 मध्ये न्यायालयाने गावकऱ्यांना 37.6 अब्ज नायरा भरपाई द्यायचा हुकूम केला. 1977 चे ते घर आणि 1999 चे हे गाव यांत मला एकच माणूस दिसतो. आज्ञा न मानणारा तो बंडखोर, हे सैनिकी गणित नागरी पोशाख घातल्याने पुसले जात नाही. मी वर्दी घातलेली आहे, म्हणून हे अधिक ठासून सांगतो.

2003 मध्ये ते पुन्हा निवडून आले, समोर बुहारी, म्हणजे दुसरे माजी लष्करशहा. आणि मग तिसऱ्या कारकिर्दीचा विषय निघाला. घटनेत शंभराहून जास्त बदल सुचवणारे विधेयक आले आणि दोन कारकिर्दींची मर्यादा उठवणे त्यात मुरवलेले होते. उपराष्ट्राध्यक्ष अतिकू अबुबकर यांनी उघड विरोध केला. सिनेटमधली चर्चा दूरचित्रवाणीवर थेट दिसत होती. आमच्या कॅन्टीनमध्ये फुटबॉलला असते तशी गर्दी त्या दिवसांत सिनेटला होती. एकेक सिनेटर उठे, कुठल्या बाजूने बोलतो हे त्याच्या मतदारसंघातले लोक जागेवर ऐकत. 16 मे 2006 ला सिनेटने विधेयक दुसऱ्या वाचनालाच फेटाळले. टाळ्या मी कानांनी ऐकल्या. मला तिसरी संधी नकोच होती, असे ओबासांजो पुढे वारंवार सांगत आले. माझा या सांगण्यावर विश्वास नाही. राष्ट्राध्यक्षांना नको असते, तर ते एका वाक्यात थांबवता आले असते. ते वाक्य महिनोनमहिने आले नाही.

तर तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर: माणूस बदलला नव्हता. 1979 मध्ये त्यांच्या आजूबाजूला यारअदुआ, डंजुमा, मेलेल्या मुर्तलांची तारीख आणि गवन यांचे ताजे उदाहरण होते. 2006 मध्ये स्वतःचा पक्ष, तेलाचा पैसा आणि होयबांची फळी होती, नाही म्हणायला उरली होती फक्त सिनेट. ती म्हणाली. जे बराकीतल्या दोन सहकाऱ्यांच्या धाकाने झाले होते, ते या वेळी मतदारांच्या नजरेखाली झाले.

एप्रिल 2007 ची निवडणूक वाईट झाली, युरोपीय निरीक्षकांनी ती मूलभूत निकषांत बसत नाही असे सांगितले. बाबांनी पुढे केलेले उमारू यारअदुआ, तुरुंगात मेलेल्या शेहू यांचे धाकटे भाऊ, राष्ट्राध्यक्ष झाले. निवडणुकीत दोष होते, हे त्यांनी शपथविधीच्या भाषणातच कबूल केले. पण 29 मे 2007 ला निवडून आलेल्या एका राष्ट्राध्यक्षाने दुसऱ्याकडे कारभार दिला, हे स्वातंत्र्यानंतरच्या 47 वर्षांत पहिल्यांदाच घडले. त्या दिवशी लागोसमध्ये सुटी होती. आमचा मुकादम, तोच जूनमधला नाचणारा, रेडिओ कानाला लावून बसला होता. शपथ संपल्यावर त्याने रेडिओ बंद केला आणि मला विचारले, ओगा (म्हणजे साहेब), सैन्य कुठे दिसले का रस्त्यात? मी म्हणालो, नाही. तो मान हलवून जेवायला गेला.